जिनूआत्तीचं न चाललेलं औषध

"जिनीला फोन लावा," आण्णा म्हणाले. "एवढी वर्षं उंदीर मारतीय." मग ते खोकले, पाणी प्याले, आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. "एखादा बरा डॉक्टर तर ओळखीचा असंल की."

सख्ख्या बहिणीकडे मदत मागायची ही आमच्या आण्णांची पद्धत. मी तेव्हा सातवीत होते. घरात मला कुणी काही विचारायचं नाही, त्यामुळे सगळ्या खोल्यांत बसायला मोकळीक होती. आता मी अकरावी सायन्सला आहे. अजूनही कुणी विचारत नाही, पण आता मी न विचारता बोलते.

आण्णा म्हणजे माझ्या पप्पांचे सगळ्यात मोठे भाऊ, सुकुमार बिरनाळे. इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. घर आणि कारखाना एकाच आवारात, त्यामुळे आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलतात. आण्णा ओरडायचे आणि बाकीचे ऐकायचे. माझे पप्पा तर आण्णांनी "बस" म्हटल्याशिवाय स्वतःच्या घरातल्या खुर्चीत बसायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं पप्पांना पाठीचा त्रास आहे.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आधी आण्णांचा खोकला थांबेना. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फुप्फुसात सुई घालून एक तुकडा काढला आणि दिवाळी झाल्यावर सांगितलं, कॅन्सर आहे.

घरात जो गोंधळ उडाला तो आजाराचा नव्हता, अपमानाचा होता. आण्णांनी उभ्या आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. दिवे लागायच्या आत जेवण, गाळलेलं पाणी, कांदा-लसूण वर्ज्य. आमच्या घरात कॅन्सर हा पगारासारखा समजला जायचा, ज्यानं जसं काम केलं त्याला तसा मिळणार. मग आण्णांना कसा मिळाला? मोठीआई, म्हणजे आण्णांची बायको, दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "तंबाखूचा न्हाई हं. आमचा साधा हाय." जणू तंबाखूवाल्यांचा कॅन्सर खालच्या जातीचा आणि आमचा सोवळ्यातला.

आणि जिनूआत्ती. जिनमती बिरनाळे, आण्णांची धाकटी बहीण. पुण्यात कॅन्सरवर संशोधन करायची. लग्न केलं नाही. आमच्या घरात तिची ओळख एवढीच, "उंदीर मारती ती." जैनाच्या घरात यापेक्षा वाईट ओळख शोधून सापडणार नाही. ती आली की आण्णा तिच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. तोंडावर काही म्हणायचे नाहीत, फक्त "ठेव तिथं" म्हणायचे आणि ते पाणी तिथंच राहायचं. मागावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसांना पंखा लावायला नको म्हणणारे आमचे आण्णा. त्यांची अहिंसा उंदरांपाशी सुरू व्हायची आणि उंदरांपाशीच संपायची.

फोन गेल्यावर आत्ती दुसऱ्या दिवशी आली. चप्पल काढायच्या आधी तिनं विचारलं, "ब्लॉक कुठं आहे?"

"कसला ब्लॉक?" पप्पा उभे राहून म्हणाले.

"काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात. एवढासा चौकोन असतो. कोल्हापूरच्या लॅबमध्ये असेल. तो मला पाहिजे. केमो कधी सुरू होणार?"

"पुढच्या सोमवारी," मोठीआई म्हणाली. "आधी च्या तरी घे गं बाई."

"चहा दे. आणि लॅबची पावती दे."

आण्णा उशांना टेकून बसले होते. ते म्हणाले, "जिने, तुला डॉक्टर बघाय बोलवलंय. कारभार कराय न्हाई."

"डॉक्टर तुझे चांगले आहेत. मी त्यांच्याशी बोलले, तेही तपासून घ्या म्हणाले." तिनं पिशवी खाली ठेवली. "आण्णा, ऐक. फुप्फुसाचा कॅन्सर हा एक आजार नाही. वरून सारखे दिसतात, आतून वेगळे असतात. कधीही सिगरेट न ओढलेल्या माणसांच्या गाठीत बऱ्याचदा जीनमध्ये एक ठराविक बदल सापडतो. तो असेल तर त्याच्यावर नेमकी गोळी आहे. रोज एक. नसेल तर केमो आहेच. पण न बघताच सुरू करणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. म्हणून तो तुकडा तपासायचा."

"जीन म्हंजे?" मोठीआईनं चहा मध्येच धरला. "घराण्याचं असतंय ते?"

इथंच सगळं फिसकटलं. कारण माझी चुलतबहीण त्रिशलाताई, आण्णांची एकुलती एक मुलगी, हिचं लग्न माघात ठरलं होतं. जयसिंगपूरचं स्थळ. घरात 'जीन' हा शब्द पडला आणि मोठीआईचा चेहरा असा झाला जसं कुणी लग्नाच्या मांडवात पाल सोडली.

"रक्ताचा दोष हाय म्हणून कागद आला तर?" ती कुजबुजली. आमच्या घरातलं कुजबुजणं, म्हणजे मागावरच्या कामगारांनाही ऐकू गेलं. "जयसिंगपूरला कळलं तर? पोरीला कोण करंल?"

"वहिनी, रक्त नाही तपासत. तुझ्या मुलीचं नाही, घराण्याचं नाही. गाठीचं." आत्ती आण्णांकडे वळली. "एका ताग्यात एक दोरा चुकीचा भरला तर तू काय करतोस? ताग्यात बघतोस कुठं चुकलाय ते. म्हणून काय सगळं सूत खराब असतं? हा दोरा तुझ्या फुप्फुसात नंतर चुकलाय. तू जन्माला येताना नव्हता, आणि त्रिशलाला तू दिलेला नाहीस."

इतकं सोपं करून मला आमच्या सायन्सच्या सरांनी आजवर काही सांगितलेलं नाही. मला ते सातवीत कळलं. आण्णांना कळलं नसेल? ज्या माणसाला भिंग लावून कापडातला एक दोरा दिसतो त्याला?

"तपासणी करायची न्हाई," आण्णा म्हणाले. "पोरीच्या लग्नात बिब्बा नको."

पप्पा म्हणाले, "आण्णा म्हणत्यात तर..." आणि पुढं काहीच म्हणाले नाहीत. आमच्या पप्पांची निम्मी वाक्यं अशीच संपतात.

त्रिशलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एम. कॉम. झालेली, मऊ बोलणारी, लग्न ठरल्यापासून तर आणखी मऊ. ती वळून आत गेली. मी तिच्या मागं गेले, कारण मला वाटलं ती रडणार आणि मला रडणारी माणसं बघायला आवडायचं.

ती रडली नाही. तिनं फोन लावला. "अभिनंदन," ती तिच्या होणाऱ्या नवऱ्याला म्हणाली (नावच ते त्याचं), "पप्पांना कॅन्सर आहे. तुमच्यापासून लपवून ठेवलंय सगळ्यांनी. गाठीची जीनची तपासणी करायची आहे आणि माझ्या लग्नाचं कारण सांगून ती अडवतायत. तुम्हाला काही अडचण आहे का? असेल तर आत्ताच सांगा, मला मग तेवढं तरी कळेल."

पलीकडून बराच वेळ तो काही तरी बोलत होता. मग ती "बरं" म्हणाली आणि बाहेर येऊन आण्णांच्या समोर उभी राहिली.

"तो स्वतः उद्या ब्लॉक आणायला तुम्हाला गाडीतून कोल्हापूरला नेतो म्हणाला. माझ्या लग्नाचं नाव आता घ्यायचं नाही, पप्पा."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मोठीआईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. पण मला खात्री होती, आता आण्णा 'हो' म्हणणार. दुसरं कारणच शिल्लक नव्हतं.

आण्णा म्हणाले, "तरीबी न्हाई."

मग त्यांनी कारण काढलं, "त्या गोळीपायी उंदीर मारल्यात का न्हाई?"

"मारलेत," आत्ती म्हणाली. "तुझ्या बीपीच्या गोळीपायी पण मारलेत. ती रोज घेतोस ना?"

आण्णांनी डोळे मिटले. वाद हरला की ते देवाचं नाव घेत असल्यासारखे डोळे मिटायचे. माझा राग मावळला आणि मला त्यांची कीव आली. तीही चांगली कीव नाही, ती परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्या आणि तेही चुकीचं लिहिणाऱ्या मुलाची येते ना, तसली. हा माणूस मरायला तयार होता आणि कशापायी, हे सांगायची त्याची हिंमत नव्हती.

आत्तीनं सगळ्यांना बाहेर काढलं. मला काढलं नाही, कारण मी आण्णांच्या पायांना तेल लावत होते आणि पाय चोळणाऱ्या मुलीला कुणी माणूस धरत नाही.

"आता बोल," ती म्हणाली. "काय आहे?"

आण्णांनी आधी दम घेतला. बाहेर माग चालू होते. मग ते म्हणाले, "आपलं आबा गेल्यावर तुझं शिक्षान मी थांबवाय निघालो. तू घर सोडून गेलीस. सगळ्या समाजात म्हटलो, बिरनाळ्यांची पोरगी हातची गेली." खोकला. "पंचवीस वर्षं तेच सांगत आलोय. आता काय सांगू? तिच्याच हातनं जगलो म्हणून?"

मी तेल लावायची थांबले. तर हे होतं! त्रिशलाताईचं लग्न, घराणं, उंदीर, सगळं बाजूला. आमच्या घरचा कर्ता पुरुष मरणाला घाबरत नव्हता. तो फक्त आपलं बोलणं खोटं ठरण्याला घाबरत होता. मला वाटलं आता आत्ती त्याला असं काही ऐकवेल की मला ते आयुष्यभर लक्षात राहील. मी वाट बघत होते. मला अगदी वहीत लिहून घ्यावंसं वाटत होतं.

आत्तीनं पदराला चष्मा पुसला.

"तेवढी चिंता असेल तर सोड," ती म्हणाली. "माझं औषध चाललंच नाही."

आण्णांनी डोळे उघडले. "काय?"

"मी बारा वर्षं एका औषधावर घालवली. आधी काचेच्या बशीत चाललं. मग उंदरांच्यात चाललं, गाठी लिंबाएवढ्या होत्या त्या वाटाण्याएवढ्या झाल्या. आम्ही पेढे वाटले. मग माणसांना दिलं. माणसांच्यात नाही चाललं. चाचणी बंद केली. एक बाई होत्या बार्शीकडच्या, त्या दर वेळी येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणायच्या. त्यांना वाटायचं मी त्यांना बरं करतेय."

"मग?"

"मग काय? गेल्या. तुला जी गोळी मिळेल ती दुसऱ्यांनी शोधली. परदेशातल्या. त्यात माझा काडीचा हात नाही."

आण्णांच्या गळ्यातून आवाज आला. मला वाटलं खोकला. तो खोकला नव्हता.

"म्हंजे उंदीर बरं झालं?" ते म्हणाले. "माणसं न्हाई, उंदीर बरं झालं?"

"हो."

"आयला! पंचवीस वर्षं मी सांगतोय जिनी उंदीर मारती. आणि तू उंदीर वाचवलीस!" ते हसले आणि हसताना इतके खोकले की मोठीआई धावत आत आली. डोळ्यांतून पाणी, छाती धरलेली, आणि तरी हसतायत. "पावती दे गं हिला," त्यांनी मोठीआईला सांगितलं. "घेऊन जा जिने तुझा तो मेणाचा चौकोन. बघ म्हणावं काय असंल ते."

त्या क्षणी मला दोघांचाही तिरस्कार वाटला. आण्णांचा तर होताच. बहीण हरली म्हणून यांना जगायची इच्छा झाली! पण आत्तीचाही. बारा वर्षांचं अपयश असं त्यांच्या पुढ्यात ठेवून दिलं, भिकाऱ्याला भाकरी द्यावी तसं, आणि वर पदर सावरून चहाची कपबशी आत नेऊन विसळली. मला वाटायचं आत्ती म्हणजे वाघीण. निघाली आमच्यासारखीच.

ब्लॉक पुण्याला गेला. उत्तर आलं. बदल सापडला. गोळ्या सुरू झाल्या.

पहिल्या महिन्यातच आण्णांच्या तोंडावर मुरमं उठली. हे त्या गोळीमुळे होतं, चांगलं लक्षण असतं म्हणे कधी कधी. एकसष्ट वर्षांच्या माणसाचं नाक, गाल, कपाळ, सगळं लालभडक. मी तोवर वाट बघत होते की मला मुरमं कधी येतात, वर्गात सगळ्यांना आली होती. आण्णांनी माझ्या आधी नंबर लावला. ते आरशात बघायचे आणि मोठीआईला विचारायचे, "लग्नापतूर जातील का?" मरणाला न घाबरलेला माणूस मुरमांना घाबरत होता.

मुरमं गेली नाहीत, पण दम लागतो म्हणून पाठीशी घेतलेल्या उशा गेल्या. आधी तीनच्या दोन झाल्या, मग एक. माघात त्रिशलाताईचं लग्न लागलं तेव्हा आण्णा फेटा बांधून मांडवाच्या दारात उभे होते, नाकावर मुरूम घेऊन.

आणि सांगत होते. येणाऱ्या प्रत्येकाला.

"ही आमची बहीण. शास्त्रज्ञ! बारा वर्षं औषध केलं, उंदीर ठणठणीत झालं, माणसं गेली! मग मला परदेशातलं घ्यावं लागलं!" लोक हसायचे. आत्ती पण हसायची. जयसिंगपूरच्या व्याह्यांना सांगून झालं, नांदणीच्या मामांना सांगून झालं, आचाऱ्याला सांगून झालं.

आत्तीबरोबर पुण्याहून तिच्या लॅबमधली एक मुलगी आली होती, सबा शेख. ती आत्तीच्या हाताखाली पीएच. डी. करत होती. जेवणाच्या पंगतीत ती माझ्या शेजारी बसली. आण्णांचा आवाज तिथवर येत होता. तिनं जिलबी खाली ठेवली.

"हे काय बोलतायत तुझे काका?"

"खरं तेच," मी म्हणाले. "आत्तीचं औषध नाही चाललं ना."

"ते तर जुनं झालं. त्यानंतरचं?" सबानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी आमच्याच खानदानाची आहे, जी मी होतेच. "अगं, गावाकडच्या लॅबमध्ये सुट्ट्या आल्या की काढलेला तुकडा द्रावणात तसाच पडून राहतो. जास्त दिवस राहिला की आतले जीन तुटतात, तुकडे तुकडे होतात. मग मोठ्या ठिकाणी तपासणीला पाठवला की उत्तर येतं, वाचता येत नाही. असले हजारो पेशंट असतात. त्यांना गोळी असूनही मिळत नाही. मॅमनी ते तुटलेलं वाचायची पद्धत बसवली. औषध फसल्यावर सगळे म्हणत होते, सोड आता. तरी बसवली. तुझ्या काकांचा तुकडा अख्खी दिवाळी पडून होता. आमच्याकडे नसता आला तर कोरं उत्तर आलं असतं."

"पण आत्ती म्हणाली, पुण्यात कुठली तरी लॅब आहे."

"आहे की. तिचीच."

मी तशीच उठले, खरकट्या हातानं. आत्ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. समोर आण्णा सांगलीच्या कुणा पाहुण्याला धरून तीच गोष्ट पहिल्यापासून सांगत होते.

"तू खोटं बोललीस," मी म्हणाले.

तिनं मागं सबाकडे बघितलं आणि तिला कळलं. "एक शब्द खोटा नव्हता. चौकशी कर. औषध नाहीच चाललं."

"अर्धंच सांगितलंस!"

"त्याला अर्धंच परवडत होतं."

"मी आत्ता जाऊन माईकवर सांगते. हा माणूस तुझ्या जिवावर जगतोय आणि तुझीच टिंगल करतोय! तुला लाज नाही वाटत?" माझा आवाज चांगलाच चढला होता. दोन बायका वळून बघायला लागल्या. "तुला चालतं हे?"

"शू," आत्ती म्हणाली. "गप जरा."

"का गप?"

"मला ऐकू दे."

तिची मान थोडी वाकडी झाली होती. ती त्यांचे शब्द ऐकत नव्हती, हे मला नंतर कळलं. ती त्यांच्याकडे जसं दुसऱ्या खोलीतलं काही ऐकावं तशी बघत होती. आण्णा म्हणत होते, "बारा वर्षं औषध केलं, काचंच्या बशीत चाललं, उंदरांच्यात चाललं, गाठी एवढ्या होत्या त्या एवढ्या झाल्या, पेढं वाटलं यांनी, आणि माणसाला दिलं तर..."

"बघ," ती हळूच म्हणाली. "एका दमात."

आण्णा हसले. मोठ्यानं, छाती भरून, फेटा हलेल इतके. खोकला आला नाही. आत्ती खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी आमच्या घरात कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

आण्णांविषयीचं माझं मत बदललं नाही. आजही नाही. ते कोत्या मनाचे आहेत आणि कोत्या मनाचेच राहणार, त्याच्यावर अजून गोळी निघालेली नाही. सांगलीचे पाहुणे हसत हसत जेवायला निघून गेले आणि आण्णा नवीन माणूस शोधायला लागले. आसपास कुणीच नव्हतं.

मी साडीच्या पदरासारखी ओढणी खोचली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आण्णा," मी म्हणाले, "मला नीट ऐकू नाही आलं. त्या उंदरांचं परत सांगा ना. सगळं."